हुलीच्या पाठीवरचा भंडारा

या, असे जवळ सरकून बसा. ऊन कलंडलंय, वारं पडलंय, कडब्याची वळई रचायला गडी यायला अजून अवकाश आहे. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग रंगवतात, मग उपरण्यानं घाम पुसून आख्यानाला हात घालतात. माझ्यापाशी पूर्वरंगाएवढं ज्ञान नाही, म्हणून मी थेट आख्यानच लावतो. यात देव आहे, भांडण आहे आणि एक कुत्रं आहे. कुत्र्याचं काय ऐकायचं असं ज्याला वाटेल त्यानं खुशाल उठावं. जो बसेल त्याला सगळं सांगतो, हातचं राखत नाही.

आमची वाडी अक्कलकोटच्या पुढं, बोरी नदीच्या अंगाला. अर्धी वाडी मराठीत बोलते, अर्धी कानडीत, आणि भांडण पेटलं की दोन्ही भाषा अपुऱ्या पडतात. वेशीच्या तोंडालाच खंडोबाचं देऊळ. कानडी माणसं त्याच देवाला मैलारी म्हणतात. देवळाची झाडलोट दाक्षायणीअक्काकडं. नवरा गेल्यापासून तिला माणसांचा कंटाळा आणि कुत्र्यांचा लळा. पायरीवर पाच-सात कुत्री कायम पडलेली. नैवेद्याची भाकर आधी त्यांना, मग स्वतःला. कुणी काही बोललं तर ती म्हणायची, "देवाचे वाघे हायती ते. तुमचं काय खात्यात?"

तिप्पण्णाचं मात्र खाल्लं. निदान तिप्पण्णा तरी तसं म्हणाला.

तिप्पण्णा म्हणजे नदीकडच्या वस्तीवरचा मेंढरंवाला. माणूस कष्टाळू, पण जिभेला काटे. कार्तिक संपत आला होता. सकाळी सकाळी तो मेलेलं कोकरू खांद्यावर टाकून आला आणि देवळाच्या पायरीवर, अक्कानं नुकत्याच काढलेल्या रांगोळीवर, धाडकन आपटलं.

"घे! तुज्या वाघ्यांचा नैवेद्य. राहिलेला बी खाऊ घाल त्यास्नी."

अक्का केरसुणी घेऊनच उठली. "देवाच्या दारात मडं टाकतोस? हात झडत्याल तुजे!"

"माजे हात झडायच्या आदी तुज्या कुत्र्यांचं दात झडत्याल. मटनात औषध घालून आनतो बघ. एका दिसात सगळी आडवी."

"कुटल्या कुत्र्यानं मारलं? बघितलंस?"

"बघाय कशाला पायजे? माज्या हुलीनं मारलं आसंल का?"

"का? तुजा हुली काय माळ घालून बसलाय व्हय?"

माणसं जमली होती ती हसली. तिप्पण्णा अजूनच पेटला. हुली म्हणजे कानडीत वाघ. तांबूस रंगाचा, रुंद छातीचा कुत्रा. नदीकाठी भुंकला तर वेशीत ऐकू यायचा. रानडुकरं ज्वारीत शिरायची नाहीत ती त्या आवाजानं. तिप्पण्णाच्या घरात त्या कुत्र्याला जावयाचा मान. त्याचं नाव अक्कानं असं हसण्यावारी नेलं, ते त्याला कोकराच्या मरणाहून जास्त लागलं.

एवढ्यात पोलीस पाटील हरिबा आले. ते म्हणाले, "कोकराचं ऱ्हाऊ द्या. नदीच्या पल्याड पिसाळलेलं कुत्रं फिरतंय. तितं एका वासराला चावलं. वासरू हंबरून हंबरून मेलं. आता गावच म्हनतंय, सगळी कुत्री मारून टाका."

"मी तेच म्हनतोय की!" तिप्पण्णा म्हणाला.

अक्का केरसुणी टाकून हरिबांच्या पुढ्यात आली. "पाटील, मारून किती माराल? ही मेली की रिकाम्या जागंवर परगावची येत्याल, त्यास्नी कोन ओळखतंय? सटीपतुर थांबा. सटीला गावातलं झाडून सगळं कुत्रं रोडगा खायाला देवळाम्होरं येतंय. जनावरांच्या डाक्टरीणबाईस्नी मी बोलवून आनते. एका जागी सगळी टोचून निगत्याल."

हरिबा सगळ्यांच्या देखत बोलले, "ठरलं तर मग. सटीला टोचायचं. टोचलेल्याच्या पाठीवर रंगाची खूण. ज्याच्या पाठीवर रंग त्यो जगंल. ज्याची पाठ कोरी, त्याला काठी. मंग त्यो देवाचा आसू द्या न्हायतर पाटलाचा."

अक्का म्हणाली, "माजी पिल्लं हायती. बिजली कुत्रीची. अजून डोळंबी नीट उगडलं न्हाईत."

"पिल्लं काय चावत न्हाईत. ती सोडून."

तिप्पण्णानं कोकरू उचललं. जाता जाता म्हणाला, "दाक्षायणीच्या सुईला माजं कुत्रं? मेलो तरी न्हाय."

सट म्हणजे चंपाषष्ठी. खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, आणि देवाच्या आधी कुत्र्याला घास. ही आमची रीत. त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर, सोलापूरकडच्या आरोही मॅडम आल्या. वयानं लहान, पण आवाज खणखणीत. लशीच्या बाटल्या बर्फाच्या थैल्यांत घातलेल्या पेटीत. पेटी सावलीत ठेवली आणि म्हणाल्या, "झाकण उगाच उघडायचं नाही. ऊन लागलं की लस वाया. आणि कुणी कुत्र्याला पळवून दमवून आणायचं नाही. ज्याचं कुत्रं त्यानंच धरायचं. बेवारशांना मी बघते."

काम बघण्यासारखं होतं. कापडाची पट्टी तोंडाला बांधायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, सुई टोचायची, पट्टी सोडायची. दर कुत्र्याला सुई नवी. टोचलेल्या कुत्र्याला थोडा वेळ समोर बसवून ठेवायचं. कुणाचं तोंड सुजलं, कुणी धापा टाकायला लागलं तर औषध हाताशी. एक लंगडं कुत्रं तापानं फणफणत होतं, ते त्यांनी बाजूला काढलं. "आज नाही. आधी याचा ताप उतरू दे, तोवर बांधून ठेवा."

अक्कानं पाटीत घालून पिल्लं आणली. मॅडमनी एकेकाचं पोट चाचपलं, दात बघितले. "इतक्या लहानपणी ही लस देत नाहीत, अक्का. तीन महिन्यांची झाली की आणा. मग वर्षानं पुन्हा, आणि मग दर वर्षी. तोवर घरात ठेवा, बाहेर सोडू नका."

गोंधळ झाला तो रंगावरून. मॅडमनी पिशवीतून लाल रंगाची कांडी काढली आणि पहिल्याच कुत्र्याच्या पाठीवर रेघ ओढली. तशा बायका ओरडल्या.

"आगं बाई, लाल नको! लाल ठिपका बळीच्या बकऱ्याला लावत्यात!"

"सटीच्या दिशी देवाच्या वाघ्याला बळीची खूण? गावावर काय येईल!"

मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडं दुसरी पिवळीच आहे. पण आज सगळीकडं भंडारा उधळताय. खरी खूण कोणती आणि भंडारा कोणता, कसं कळायचं?"

हरिबा छाती फुगवून म्हणाले, "कळायचं काय त्यात? देवाचाच रंग हाय. पिवळाच लावा, बाई. लोक खुशीनं कुत्री आनत्याल."

लोकांनी "येळकोट येळकोट" केलं. मॅडम एकट्या, गाव एवढं. त्यांनी पिवळी कांडी घेतली. कोकराचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं, पण वाडीचं खरं नुकसान त्या घडीला झालं, हाताला हळद लागली असताना, देवाचं नाव घेता घेता.

दिवस कलायच्या आधी हरिबा नदीकडच्या वस्तीवर गेले. तिप्पण्णा बाजेवर बसून चिलीम ओढत होता. हुली पायाशी. पाठीवर चांगला हातभर पिवळा पट्टा.

"टोचलंस की!" हरिबा म्हणाले.

"डोळं हायती न्हवं तुमाला? बघा की पाठ."

हरिबांनी पाठ बघितली आणि परत आले. सटीच्या गर्दीत कुणाचं कुत्रं आलं, कुणाचं नाही, हे कुणी मोजलं नव्हतं. तिप्पण्णानं तळीतला भंडारा तेलात कालवून चोळला होता. तो खोटं बोलला नाही, एवढंच त्याचं समाधान. घरातल्या माणसांना म्हणाला, "सुई टोचली की कुत्र्याचा आवाज बसतो. राखनीचं कुत्रं मुकं झाल्यावर डुकरं काय दाक्षायणी हाकलनार हाय?"

दुसऱ्या दिवशी त्याला आयतंच सापडलं. टोचलेली कुत्री जरा सुस्तावली होती. मॅडम आधीच सांगून गेल्या होत्या की दिवसभर असं चालायचं, टोचल्या जागी दुखायचं, घाबरू नका. पण तिप्पण्णा देवळापुढनं हुलीला मुद्दाम फिरवत गेला.

"बघा रं, अक्काची फौज! पायरीवर पेंगतीया. आन हा बघा माजा. भुंक रं, हुली!"

हुली भुंकला. साऱ्या वेशीत घुमला.

"तुज्या कुत्र्याला बी टोचलंय न्हवं? मंग त्यो कसा पेंगत न्हाय?" अक्कानं विचारलं.

"माजं कुत्रं भाकरीवर वाढलंय. तुज्या भिकेवर न्हाय."

अक्कानं खरकट्या पाण्याची बादली त्याच्या पायावर ओतली. तिप्पण्णानं कानडीत अशी एक शिवी घातली की तिचा अर्थ मी देवळाच्या सावलीत बसून सांगणार नाही.

पुढं पौष लागला. थंडीनं ज्वारीचे दाणे दुधात आले, रानारानात हुरड्याच्या आगट्या पेटल्या. बाकीच्या कुत्र्यांच्या पाठीवरचा रंग उन्हानं, धुळीनं पुसट झाला. हुलीचा पट्टा मात्र दर रविवारी ताजा. गावातल्या एकालाही त्याचं नवल वाटलं नाही. उलट लोक म्हणायचे, तिप्पण्णाच्या घरात देवाचं लई.

तिप्पण्णाची नात पायल. गोरीगोमटी, बडबडी पोर. शाळेला सुट्टी असली की ज्वारीवरची पाखरं हाकायला माळ्यावर चढायची. त्या दिवशीही ती माळ्यावरनं उतरून आगटीपाशी कणसं चोळत बसली होती. शेजारच्या रानात बाया खुरपत होत्या. नदीच्या अंगानं एक करडं कुत्रं आलं. तोंड खाली, जबडा लोंबता, तोंडातनं लाळेची तार. ते वाटेनं चालत नव्हतं, वाटेवरनं ढकलत नेल्यासारखं येत होतं. बाया किंचाळल्या. पायल उठली ती नेमकी त्याच्याच दिशेनं पळाली.

हुली बांधावर होता. तो मधे कधी आला ते कुणाला कळलं नाही. नुसती ज्वारी हलली, आणि मग दोन जनावरांचा एकच आवाज उठला. करड्या कुत्र्यानं हुलीच्या नाकाडाला धरलं, मानेला धरलं. हुलीनं त्याला सोडलं नाही. गडी काठ्या घेऊन धावले आणि करड्याला तिथंच संपवलं. हुली रक्तानं माखलेला उभा, शेपटी हलवत. पायलनं त्याच्या गळ्याला मिठी मारली. करड्याची लाळ लागलेल्या तोंडानं तो तिचे हात चाटायला लागला. कणसं चोळून चोळून पोरीचे तळवे सोललेले होते.

सगळं गाव रानात लोटलं. हरिबा म्हणाले, "वा रं वाघा! पोर वाचवलीस!"

कुणीतरी नारळ आणायला पळालं. हुलीला वेशीतनं मिरवत न्यायचं ठरलं. पोरं त्याला हात लावायला रेटारेटी करत होती. तिप्पण्णा धापा टाकत पोचला तो हे सगळं बघतच राहिला. त्यातच अक्का पुढं झाली. दोघांत मेलेल्या कोकरापासनं सरळ शब्द नव्हता. ती म्हणाली,

"तिप्पण्णा, तोंड तुजं गटार हाय. पर माजं ऐकून कुत्रं टोचून घेतलंस, लई केलंस. टोचलेलं नसतं तर आज ह्या पोरांचं काय झालं आसतं?"

आणि तिनं स्वतःच हुलीच्या डोक्याकडं हात नेला.

"हात लावू नगंस!"

तिप्पण्णाचा आवाज असा फाटला की हुलीही दबला.

"का रं? माजा हात इटाळतो का तुज्या कुत्र्याला?"

"कुनीच लावू नका! सरा, सरा मागं!" त्यानं पायलला दंडाला धरून बाजूला ओढलं. पोर रडायला लागली. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. हरिबा म्हणाले, "आरं, टोचलेलं हाय न्हवं ते? भितोस कशाला?"

तिप्पण्णानं डोक्याचा रुमाल सोडला, पाण्याच्या घागरीत बुडवला आणि हुलीच्या पाठीवरनं दाबून फिरवला. मग तो रुमाल हरिबांच्या तोंडापुढं धरला. सगळा पिवळा. खाली कुत्र्याची पाठ तांबूस, कोरी.

"रंग न्हाय ह्यो. भंडारा हाय. टोचलं न्हाय म्या. हिची जिरवायला टोचलं न्हाय."

आगटीत कणसं तडतडत होती.

पहिली हलली अक्का. तिनं तिप्पण्णाच्या कानाखाली सणसणीत वाजवली. त्यानं खाऊन घेतली. मग ती पायलला ओढत विहिरीवरच्या पाइपाखाली घेऊन गेली, साबण मागवला आणि पोरीचे तळवे, मनगटं धूत राहिली. पोर म्हणत होती, "पुरं की आजी, झोंबतंय." अक्का म्हणत होती, "झोंबू दे. तुज्या आज्यालाबी झोंबू दे." तशीच ओली पोर एका गड्याच्या मोटारसायकलवर मधे बसवून तिनं दवाखाना गाठला. हरिबांनी मॅडमना फोन लावला.

इकडं काठ्या वर झाल्या होत्या. "ठरलं हुतं न्हवं? कोरी पाठ, त्याला काठी. देवाचं आसू द्या न्हायतर पाटलाचं."

तिप्पण्णा हुलीपुढं उभा राहिला नाही की त्यानं हात जोडले नाहीत. नुसता म्हणाला, "मारायचं तर मला मारा. कुत्र्यानं त्याचं काम केलं. म्या माजं केलं न्हाय."

काठ्या लगेच खाली आल्या नाहीत. शिव्या मात्र आल्या. ज्याच्या ज्याच्या पोरानं हुलीला हात लावला होता त्या प्रत्येकानं तिप्पण्णाच्या घराण्याचा उद्धार केला. असं करता करता ऊन कललं, तेव्हा मॅडम जीपमधनं उतरल्या. त्यांनी मेलेल्या कुत्र्याला कुणाला हात लावू दिला नाही. हातमोजे घालून, खोल खड्डा काढून पुरायला लावलं. ज्यांच्या अंगावर रक्त, लाळ उडाली होती त्यांना दवाखान्यात पिटाळलं. मग हुलीकडं बघून म्हणाल्या,

"टोचलेलं असतं तर पुन्हा एक इंजेक्शन देऊन नजरेखाली ठेवलं असतं, एवढंच. आता दोनच वाटा. आज शांतपणे झोपवायचं, नाहीतर कित्येक महिने कोंडून ठेवायचं. कुणी आत जायचं नाही, हात लावायचा नाही. लस आत्ता देते, पण उशिराच्या लशीवर भरवसा मी देणार नाही."

"कोंडतो," तिप्पण्णा म्हणाला.

गाव पुन्हा उसळलं. अक्का परत आली होती ती गर्दीतनं पुढं झाली. "कोंडू दे त्याला. ह्या माणसासाटी न्हाय. ह्या कुत्र्यानं पोर वाचवलीया. काठीनं मरायचं न्हाय त्यो."

खताच्या पत्र्याच्या खोलीत हुलीला कोंडलं. भाकर पाइपातनं सरकवायची, पाणी बाहेरनं नळीनं पातेल्यात सोडायचं. गावानं तिप्पण्णाच्या घराशी बोलणं टाकलं. त्याच्या घरचं दूध कुणी घेईना. पायलच्या दंडात एकामागनं एक सुया चालल्या होत्या, तिप्पण्णाच्याही. रोज संध्याकाळी तो खोलीबाहेर दगडावर बसायचा आणि आतनं हुली भुंकला की म्हणायचा, "हाय, आवाज हाय अजून."

माघ सरता सरता एक दिवस हुलीनं भाकरीला तोंड लावलं नाही. पाण्याची नळी सोडली तशी तो कोपऱ्यात अंग चोरून थरथरला. आणि भुंकला तेव्हा तो आवाज त्याचा नव्हता. घोगरा, चिरका, मधेच तुटणारा. ज्या आवाजापायी त्याला सुईपासून लपवलं होतं, तोच पहिल्यांदा गेला.

मॅडम आल्या. खोलीच्या दाराच्या जाळीतनं लांब दांड्याची सुई आत गेली. तिप्पण्णा तोंड फिरवून उभा राहिला नाही. शेवटपर्यंत बघत होता. हुलीनं मान पुढच्या पायांवर टेकली, एवढंच. पायल आज अंगणात खेळते आहे, तिला काही झालं नाही. ज्या पोरांनी त्या दिवशी हुलीला हात लावला होता त्यांनाही काही झालं नाही. का, तर एका माणसानं सगळ्या गावापुढं ओला रुमाल वर धरला. पण हे गाव कबूल करायचं नाही. अजूनही त्याला येता-जाता "भंडारावाला" म्हणतात.

फाल्गुनात एका सकाळी अक्का त्याच्या दारात गेली. कडेवर बिजलीचं एक काळं पिल्लू. ते तिनं त्याच्या बाजेवर टाकलं.

"राखनीला ठेव. तीन म्हयने झाल्यावर टोचून आनलंय, मॅडमच्या हातनं. पुढल्या साली परत टोचायचं. न्हाय टोचलंस तर काढून नेईन, आन जाताना दुसऱ्या कानाखाली वाजवीन."

तिप्पण्णा म्हणाला, "सुम्मनिर गे, गप ऱ्हा, सकाळ सकाळ. कुत्रं देतीस का फौजदारी करतीस?"

"दोनी."

"भुंकतंय का तरी?"

पिल्लू तेवढ्यात भुंकलं. चिमणीएवढा आवाज. तिप्पण्णा हसला नाही, पण त्यानं पिल्लाला भाकर आणायला घरात आवाज दिला. अक्का पाणीही न पिता निघून गेली. दोघं आजही एकमेकांशी सरळ बोलत नाहीत, आणि बोलतील असं मला वाटत नाही.

पुढच्या सटीला मॅडम पुन्हा आल्या. पिशवीतनं दोन्ही कांड्या काढून त्यांनी गावाकडं बघितलं. गाव खाली बघत होतं. तेव्हा गर्दीच्या मागनं, काळ्या कुत्र्याला दोरीनं धरून तिप्पण्णा पुढं आला. त्यानं स्वतः पट्टी बांधली, स्वतः कातडी चिमटीत उचलून धरली, आणि टोचून झाल्यावर म्हणाला,

"लाल लावा, बाई. लालच लावा."

एकही बाई ओरडली नाही.

तर बाबांनो, आख्यान संपलं. आरतीला उठायच्या आधी एकच मागतो. देवाला भंडारा वाहाल तेव्हा एक चिमूट बाजूला काढा, नदीकडं तोंड करून मातीत सोडा, आणि तांबूस रंगाच्या, रुंद छातीच्या त्या हुलीची आठवण करा. त्याच्या पाठीवर आपण देवाचं नाव लावलं होतं, आणि दुसरं काहीच दिलं नव्हतं.